गोदा कुठल्या अंगाला गेली

"परत लाव," सर म्हणाले.

मी रीळ मागे गुंडाळलं आणि प्रोजेक्टर पुन्हा सुरू केला. भिंतीवर तीच तिकटी आली, तीन वाटा एकत्र येतात ती उघडी जागा. तीच बाभळ, तोच मैलाचा दगड. काखेत बोचकं घेतलेली, अनवाणी गोदा दगडापाशी थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि चालू लागली. उजवीकडे.

"फिल्म उलट्या अंगाने चढवलीस तू," सर म्हणाले.

"सर, तसं असतं तर सुरुवातीची नावंही उलटी दिसली असती. तुम्ही ती मोठ्यांदा वाचलीत मघाशी."

"मग शेवटचं रीळ उलटं छापलंय."

मी तिसऱ्यांदा लावलं आणि भिंतीपाशी जाऊन दगडावर बोट ठेवलं. गोदा माझ्या हातावरून चालत गेली. दगडावर ठळक काळ्या अक्षरांत 'निपाणी' लिहिलेलं होतं. अक्षरं सुलटी होती, बालवाडीतल्या पोरानेही वाचावीत अशी. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा न लावता तसाच हातात धरून बसले.

माझ्या पाचावर धारण बसली. संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर हाच चित्रपट दाखवायचा होता आणि त्याआधी सर बोलणार होते. आमच्या चित्रपट मंडळाने गावभर फलक लावले होते. दुपारी एकदा प्रिंट चालवून बघू, ही कल्पना माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

प्राध्यापक अच्युतराव हुपरीकर हे नाव आज फारसं कोणी घेत नाही. पण त्या काळी कोल्हापुरातच काय, मराठीत सिनेमावर गंभीरपणे लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा 'डावीकडे' हा लेख वाचलेला असायचा. लेख 'तिकटी' या जुन्या चित्रपटाच्या शेवटच्या शॉटवर होता. चित्रपटाच्या प्रती कधीच्याच एका गोदामाच्या आगीत गेल्या होत्या, त्यामुळे तो पाहिलेला माणूस सापडणं कठीण आणि लेख मात्र सगळ्यांना पाठ. सरांनी लहानपणी गावच्या जत्रेत, तंबूतल्या सिनेमात तो रोज पाहिला होता आणि तिशीत आठवणीवरून लेख लिहिला होता.

लेखातली दोन विधानं गाजली. एक असं, की आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, आपल्या डोळ्यांना तीच सवय. सासर सोडलेली गोदा मात्र शेवटी पडद्याच्या डावीकडे जाते, प्रवाहाविरुद्ध. दुसरं त्या दगडाबद्दल. 'त्यावरची लिपी कोणालाच वाचता येत नाही. गोदाची तिसरी वाट कुठे जाते हे दिग्दर्शक आपल्याला सांगायला नकार देतो. इतका मोकळा शेवट करण्याचं धाडस आजच्या दिग्दर्शकांतही नाही.' सिनेमाचं शिक्षण घेताना मी ही वाक्यं परीक्षेत लिहिली होती आणि माझ्या पहिल्या छोट्या फिल्ममध्ये एका बाईला एस.टी. स्टँडवरून डावीकडे पाठवलंही होतं. परीक्षकांना ते फार आवडलं.

आणि आता निपाणीजवळच्या एका तंबाखूच्या वखारीत 'तिकटी'ची जुनी प्रत सापडली होती, तिच्यावरून नवी प्रिंट निघाली होती आणि तीत गोदा खुशाल उजवीकडे चालली होती.

आज मी स्वतः चित्रपट करते. माझ्या संकलकाला माझी एक खोड माहीत आहे. चित्रपट पुरा झाला की मी तो एकदा डाव्याचा उजवा करून, आरशातल्यासारखा पाहते. "बाई, यातून काय मिळतं तुम्हाला?" असं तो दर वेळी विचारतो. त्याचं उत्तर त्या दुपारी सुरू होतं.

"संजीवनी," सर उठत म्हणाले, "पुस्तकांचे गठ्ठे सोडू नका." त्यांच्या लेखांचं पुस्तक त्याच संध्याकाळी प्रकाशित होणार होतं. नाव अर्थातच 'डावीकडे'. "आणि मी येत नाही. तब्येत बरी नाही म्हणून सांग."

"सर, लोक तुम्हाला ऐकायला येणार आहेत."

"काय ऐकायला? ज्या माणसाला डावं-उजवं कळत नाही, त्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे सिनेमे तपासले, हे?"

आवाज चढला नव्हता. त्यामुळेच मला भीती वाटली. सर दुसऱ्यांच्या चुकांना कधी माफ करत नसत. स्वतःला ते काय करतील कोण जाणे. ते आज पटांगणावर आले नाहीत तर पुन्हा कधी लिहिणार नाहीत, हे मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं.

पण खरं सांगायचं तर भीतीपेक्षा मला दुसरंच काहीतरी छळत होतं. चूक झाली, ठीक. पण अशी चूक होते कशी? लेख माझ्या पर्समध्येच होता. मी सरांना बसवलं आणि एकेक ओळ वाचत गेले. बाभळ बरोबर. अनवाणी पाय बरोबर. बोचक्याला दोन गाठी, एक सैल, हेही बरोबर. मी ते भिंतीवर आत्ताच पाहिलं होतं. पदर सारखा करणारा हात तेवढा लेखात डावा होता आणि भिंतीवर उजवा.

"सर, तुम्हाला गाठी आठवतात. सैल गाठ आठवते. मग बाजू कशी चुकेल?"

"वय झालं."

"लेख लिहिलात तेव्हा तिशीत होतात."

मग मीच म्हटलं, "आबांकडे जाऊ. ज्याने शॉट लावला त्यालाच विचारू." त्यांनी नको म्हटलं. मी रिक्षा बोलावली.

'तिकटी'चे दिग्दर्शक रंगराव मोरबाळे, म्हणजे आबा, ऐंशीच्या घरात होते आणि मंगळवार पेठेत मुलाकडे राहत होते. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता. आम्ही गेलो तेव्हा सोप्यात बसून शेंगा फोडत होते.

"या सर. हार संध्याकाळी न्हवं? का आत्ताच उरकताय?"

सरांनी बसायच्या आधीच विचारलं, "आबा, शेवटच्या शॉटमध्ये गोदा कुठल्या बाजूला जाते?"

आबांनी एकदा सरांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या लेखात डाव्या अंगाला जाती."

"लेखाचं सोडा. तुम्ही कुठे पाठवलीत?"

"मला आपलं वाटतं, उजव्या अंगाला. डावीकडं गुऱ्हाळ चाललं हुतं, धूर ह्यो एवढा. त्या धुरात बाई घुसली असती तर लोक म्हणाले असते, सती गेली." त्यांनी शेंग फोडली. "आता पिरिंट आलीया न्हवं? ती काय म्हणती?"

"उजवीकडे," मी म्हटलं.

"मग माझंच बराबर."

मला हसू आवरेना आणि सरांकडे बघून हसवेनाही. ज्या दिशेवर आमच्या शिक्षकांनी तासन्तास व्याख्यानं दिली, ती गुऱ्हाळाच्या धुराने ठरवली होती.

"माझा लेख तुम्ही वाचला होता," सर म्हणाले. "मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? पिक्चर जळून गेल्याला. तुमच्यासारखा शिकल्याला माणूस इतकं ठासून लिवतोय म्हंजे मीच इसरलो असणार, गुऱ्हाळ दुसऱ्या कुठल्या पिक्चरला असंल, असं धरून चाललो. आनि खोटं कशाला बोलू, लेख आवडला मला. त्यानंतरच्या समद्या पिक्चरात मी शेवटाला माणसं डाव्या अंगालाच धाडली."

हे मात्र खरं होतं. त्यालाच आम्ही 'मोरबाळे शैली' म्हणायचो. समीक्षकाने चुकून लिहिलं, दिग्दर्शकाने ते खरं मानून पुढचे चित्रपट केले आणि त्या चित्रपटांवरून आम्ही समीक्षक बरोबर असल्याचं सिद्ध केलं. वडाची साल पिंपळाला लावून आमची एक पिढी शिकली.

"पर त्या दगडाचं कोडं मला अजून उलगडलं न्हाई," आबा म्हणाले. "म्हणं लिपी वाचता येत न्हाई. आवो, रंगाऱ्याला म्होरं बसवून मी 'निपाणी' काढून घेतलं हुतं, चांगलं ठसठशीत. निर्माता म्हणत हुता, गोदाच्या तोंडी एक वाक्य घाला. म्या म्हटलं, दिग्दर्शकानं समदं तोंडानं सांगायचं तर पिक्चर कशाला, बैठक घालूया की. दगड दाखवायचा. निपाणी म्हटलं की तवा शेंबड्या पोरालाबी कळायचं, तंबाखूच्या वखारी, विड्यांचे कारखाने, बायकांना रोजगार. गोदा सोताच्या पायावर उभी ऱ्हायला चाललीया. तुम्हाला तवा वाचता येत न्हवतं व्हय?"

"तिसरीत होतो," सर म्हणाले. "वर्गात पहिला."

"मग? बसला कुठं हुता तंबूत?"

"पुढे. वडिलांशेजारी." लेखातही तसंच होतं, पहिल्याच परिच्छेदात.

"तिथनं तर दगड कपाळावर आल्यागत दिसायचा," आबा म्हणाले आणि पुन्हा शेंगांकडे वळले.

सरांनी अंगणाकडे पाहत विचारलं, "आबा, तंबूत बायका कुठे बसायच्या?"

"पडद्यामागं."

"मागे म्हणजे?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

आबांना माझ्या अज्ञानाची गंमत वाटली. "पोरी, आमच्या भागात तंबूच्या मधोमध पडदा टांगायचे. हिकडं मशिनीच्या अंगाला गडीमाणसं, पल्याडच्या अंगाला बायका. पडद्यावर पानी मारायचं, मग कापडातनं चित्र पल्याडबी लख्ख दिसायचं. येकाच पैशात दोन थेटरं."

"पण मागून पाहिलं तर सगळं..."

"उलटं. डावं त्ये उजवं. अक्षरंबी उलटी. पर त्यांना कोण इचारतंय?"

हे त्यांनी सहज म्हटलं आणि त्यांचा हात शेंगांच्या सुपात तसाच राहिला. मी सरांकडे पाहिलं. गोदा डावीकडे गेली होती. दगडावरची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. लेखातला शब्दन् शब्द बरोबर होता. फक्त पहिला परिच्छेद खोटा होता.

"सर," मी हळूच म्हटलं, "तुम्ही वडिलांबरोबर नव्हता."

"वडील सिनेमाला कधी गेलेच नाहीत," सर म्हणाले. "आई जायची. भजनाला जाते म्हणून सांगायची आणि मला बरोबर घ्यायची. घरात काय चालायचं ते मी सांगत नाही. जत्रेचे सगळे दिवस ती जात होती. बायकांत बसणारं पोर म्हणून शाळेत चिडवायचे मला. लिहायला बसलो तेव्हा वडिलांशेजारी हे शब्द कुठून आले, मी मुद्दाम लिहिले की तोवर मलाच ते खरं वाटायला लागलं होतं, हे आज देवाशपथ सांगता येणार नाही."

ते पुढे बोलत राहिले, आमच्याशी नव्हे, अंगणाशी.

"गोदा चालायला लागली की पडद्यापलीकडून पुरुषांचा आरडाओरडा यायचा. अगं ए, फीर माघारी. शिट्ट्या, शिव्या. आमच्या बाजूला चिडीचूप. एक बाई खोकायची नाही. आई माझं मनगट धरायची, घट्ट. मी प्रवाहाविरुद्ध असं लिहिलं ते या आवाजाविरुद्ध. आणि बाजू डावी होती म्हणून डावीला चिकटवलं."

"सर, मग लेख चुकीचा कसा?"

त्यांनी मान हलवली. "तुला कळलं नाही अजून. आईला वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मला बरोबर घ्यायची ती त्यासाठीच. गोदा दगडापाशी आली की रोज विचारायची, 'काय लिवलंय रं दगडावर? कुठं चालली ती?' आणि मी सांगायचो, 'कायतरीच लिहिलंय, वाचता येत नाही.' दुसऱ्या दिवशी पुन्हा घेऊन जायची. पुन्हा विचारायची."

"पुढे तुमच्या आई कुठे गेल्या का?" मी विचारलं.

"नाही. खेळ सुटला की आम्ही घरी जायचो. शेवटपर्यंत घरीच होती."

मला एकदम रडू आलं. ज्या ओळीवर मी परीक्षेत गुण मिळवले होते, 'दिग्दर्शक सांगायला नकार देतो', ती ओळ एका मुलाने आपल्या आईला रोज संध्याकाळी दिलेलं उत्तर होतं.

आबांनी सूप बाजूला सारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्हंजे बायकांच्या अंगाला गोदा कुठं गेली त्ये कळलंच न्हाई?"

"नाही."

"ज्यांच्यासाठी काढला त्यांनाच न्हाई?" ते थांबले. "आनि ती वाक्याची गोष्ट. त्यो निर्माता अडाणी म्हणून मी त्याला वेड्यात काढला हुता. येक वाक्य घातलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?"

आबांनी सुपातल्या मूठभर शेंगा सरांच्या हातावर ठेवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, पटांगणाचा पडदा कसला हाय?"

"मांजरपाटाचा. मंडळातल्या बायकांनी शिवलाय."

"मागं मोकळी जागा हाय?"

"आहे."

"मग बादल्या भरून ठेव. माझा पिक्चर म्या त्या अंगानं कधी बघितलाच न्हाई."

सर संध्याकाळी येणार की नाही हे त्यांनी रिक्षातही सांगितलं नाही. उतरताना म्हणाले, "गठ्ठे सोडा." मग मला जरा धीर आला.

पटांगण भरलं होतं. पडद्यावर पाणी मारताना पाहून पोरं खिदळत होती आणि मंडळाचे अध्यक्ष मला डोळ्यांनी विचारत होते की हे काय खूळ. आबांना हार घातला. ते दोनच वाक्यं बोलले आणि दोन्हींत गुऱ्हाळ होतं. मग सर उभे राहिले. खिशातून भाषणाचे कागद काढले आणि परत ठेवले.

"माझ्या लेखात लिहिलंय की हा चित्रपट मी वडिलांशेजारी बसून पाहिला," ते म्हणाले. "ते खरं नाही. मी आईजवळ बसलो होतो, पडद्यामागे, बायकांत. तिथून जसं दिसलं तसं लिहिलं. तुम्हाला समोरून वेगळं दिसेल, आणि समोरून दिसतं तेही बरोबरच आहे. मी आज माझ्या जागेवर बसणार आहे. कोणाला यायचं असेल तर या."

एवढंच. लोकांना वाटलं अजून बोलतील. सरांनी आपली लोखंडी खुर्ची उचलली आणि पडद्याला वळसा घालून मागे गेले. पटांगणात कुजबूज झाली. पुढच्या रांगेतले दोन प्राध्यापक एकमेकांकडे पाहून हसले. क्षणभर मला वाटलं, सरांनी स्वतःचं हसं करून घेतलं.

मग मधल्या सतरंजीवरून एक नऊवारी नेसलेली म्हातारी उठली. तिने शेजारणीला कोपराने ढोसलं. "चल गं, आपली जागा तिकडं असायची." तिच्या मागे आणखी काही उठल्या. आमच्या वयाच्या मुलींना काही कळलं नव्हतं, पण आयांबरोबर त्याही निघाल्या. मी आबांचा हात धरून त्यांना मागे नेलं. प्रोजेक्टर मंडळातल्या मित्रावर सोपवला आणि सरांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

नावं उलटी आली तेव्हा पोरी हसल्या. पुढे कोणी हसलं नाही. ओल्या कापडातून चित्र थोडं मऊ दिसत होतं आणि समोरच्या बाजूचं खोकणं, बोलणं सगळं कापडातून गाळून येत होतं. आबा आपलाच चित्रपट गावाला पहिल्यांदा आलेल्या माणसासारखा मान उंच करून बघत होते. मध्येच एकदा पुटपुटले, "ही बाई हिकडनं जास्त एकटी दिसती."

शेवटचं रीळ लागलं. तिकटी आली, बाभळ आली, दगड आला. दगडावर काळी, वळणं घेतलेली, कोणत्याही भाषेत नसलेली अक्षरं. गोदा थांबली. समोरच्या बाजूने कोणीतरी शिट्टी मारली, इतक्या वर्षांनीही. आमच्या बाजूला चिडीचूप. तिने डाव्या हाताने पदर सारखा केला आणि चालू लागली. डावीकडे.

"सर," आबा हळू आवाजात म्हणाले, "लेख बराबर हाय तुमचा."

सरांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांच्या डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं होतं. तेवढ्यात शेजारच्या सतरंजीवरून ती नऊवारीतली म्हातारी पुढे झुकली आणि कोणाला म्हणून नव्हे, पण सरच जवळ होते म्हणून त्यांनाच विचारलं, "काय लिवलंय वो दगडावर? कुठं चालली ही?"

सरांनी मनगट सोडलं.

"निपाणी," ते म्हणाले. मग खुर्चीवरून उतरून तिच्याजवळ खाली बसले आणि नीट ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "निपाणी लिहिलंय, आई. तिथे विड्यांचे कारखाने आहेत. बायकांना काम मिळतं. तिकडे चाललीय ती."

"मग बरं हाय," म्हातारी म्हणाली आणि गोदा दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली.